‘येते मी,’ ती म्हणाली

शिवाजीनगर म्हटलं की पुणेकराला स्वतःचंच आठवतं. बेंगळुरूचं शिवाजीनगर वेगळं. कॅन्टोन्मेंटच्या जमान्यात त्याला ब्लॅकपल्ली म्हणत. रसेल मार्केट, सेंट मेरी बॅसिलिका, मशिदी, हाकेच्या अंतरावर कमर्शियल स्ट्रीटची कापडाची दुकानं, आणि शहराच्या कानाकोपऱ्यात जाणाऱ्या बसगाड्यांचं मोठं स्टँड. कानावर दख्खनी, तमिळ, कन्नड आणि मध्येच एखादं मराठी वाक्य. याच भागाला लागून इन्फंट्री रोड आहे. तिथल्या एलूर लायब्ररीनं बेंगळुरूच्या मागच्या पिढीला इंग्रजी कादंबऱ्यांची चटक लावली. पद्धत सोपी: अनामत ठेवा, पुस्तकाच्या किमतीच्या साधारण दहा टक्के भाडं भरा, वाचा, परत करा. अशा लायब्रऱ्यांचा रोजचा खप म्हणजे मिल्स अँड बूनची पातळ पुस्तकं. लंडनमध्ये १९०८ साली सुरू झालेल्या या प्रकाशनानं भारतात स्वतःचं कार्यालय थाटलं ते २००८ साली, बरोबर शंभर वर्षांनी. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या मुली ही पुस्तकं दप्तरातून घरी नेत होत्या.

आता तोच व्यवहार फोनमध्ये आला आहे. गंमत अशी की त्यातल्या दोन मोठ्या कंपन्या बेंगळुरूच्याच. प्रतिलिपीवर मराठीसह डझनभर भारतीय भाषांत लोक कथा-कादंबऱ्या लिहितात आणि वाचतात, आणि प्रेमकथांना तिथे मोठी मागणी असते. पॉकेट एफएम तर सगळा कानाचाच कारभार. म्हणजे सांगलीच्या एखाद्या गृहिणीनं रात्री स्वयंपाकघर आवरून लिहिलेला ‘भाग सतरावा’ बेंगळुरूच्या कंपनीमार्फत नागपूरच्या मुलीपर्यंत जातो आणि शिवाजीनगरच्या स्टँडवर बसची वाट पाहणाऱ्या मराठी नोकरदारापर्यंतही. स्वीडनच्या स्टोरीटेलनं २०१७च्या नोव्हेंबरात भारतात पाऊल ठेवलं तेव्हा सुरुवातीच्या तीन भाषा इंग्रजी, हिंदी आणि मराठी होत्या. मराठी माणूस पुस्तक विकत घेत नाही, अशी ओरड कायम असते. तरी परदेशी कंपनीला पहिल्या दिवसापासून मराठी घ्यावीशी वाटली.

यावर नाक मुरडणारे दोन प्रकारचे आहेत. एकांना प्रेमकथा हलकी वाटते, दुसऱ्यांना ऐकणं हे वाचनच वाटत नाही. दोघांचंही मला पटत नाही. मराठीत तरी प्रेमकथा आधी कानाची होती, डोळ्यांची नंतर झाली.

छापखाना यायच्या कितीतरी आधी नळ-दमयंती कीर्तनकाराच्या तोंडून घरोघर पोचले. रघुनाथ पंडितांचं आख्यान हातात पोथी घेऊन वाचणारे थोडे, ऐकणारे गावभर. हंसानं दमयंतीला नळाचं वर्णन सांगावं आणि तिनं न पाहिलेल्या माणसावर जीव लावावा, हे सगळं टाळ-मृदंगाच्या साथीत रंगवून सांगितलं जाई. पुढे १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ रंगमंचावर आलं. गृहस्थ बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, म्हणजे कर्नाटकाच्या मातीतलेच. सुभद्रा आणि अर्जुन यांची ती गोष्ट मराठी माणसाची सर्वांत लाडकी प्रेमकथा असेल, पण ती पुस्तकात वाचलेला माणूस शोधावा लागेल. नाटकगृहात, मग तबकडीवर, मग रेडिओवर, अशी ती ऐकलीच गेली.

छापील प्रेमकथा आली ती लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ने, १८६१ साली. पाठोपाठ १८६८ मध्ये रिसबुडांची ‘मंजुघोषा’. अद्भुत योगायोग, दुष्टांची कारस्थानं, ताटातूट, आणि शेवटी गोड. आज ही पानं उलटताना हसू येतं. पण या कादंबऱ्यांची भाषा मोठ्यानं वाचली की लगेच कळतं, ती डोळ्यांपेक्षा जिभेसाठी केलेली आहे. वाक्यं लांबलचक, पण दम कुठे घ्यायचा ते ठरलेलं.

डोळ्यांची प्रेमकथा खऱ्या अर्थानं घडवली ना. सी. फडक्यांनी. तत्त्वज्ञानाचा हा प्राध्यापक. १९१७ साली मेरी कोरेली या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवर बेतलेली ‘अल्ला हो अकबर’ घेऊन आला आणि पुढे ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’ अशी रांगच लावली. कादंबरीची सुरुवात कुठून करावी, गुंता कसा वाढवावा, निरगाठ कुठे मारावी, याचं त्यांनी शास्त्र केलं आणि ‘प्रतिभासाधन’ या पुस्तकात ते उघड सांगूनही टाकलं. टीकाकारांनी त्यांच्या गुळगुळीतपणाला नावं ठेवली. त्यात तथ्य आहेच. पण कॉलेजात जाणारी, टेनिस खेळणारी, मोटारीतून फिरणारी नायिका एकट्यानं, खिडकीशी बसून वाचायची असते, ही सवय मराठी वाचकाला त्यांनी लावली. कीर्तनात सगळा गाव एकत्र लाजायचा, आता ज्याचं त्यानं लाजायचं.

एकट्यानं वाचायची गोष्ट आली की संशय आलाच. या संशयाचं सगळ्यात रंजक प्रकरण चंद्रकांत काकोडकरांचं. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, असा मामला. पुण्यात अश्लीलतेची फिर्याद झाली. मॅजिस्ट्रेटनं सोडून दिलं, मुंबई उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं आणि पंचवीस रुपये दंड केला. पंचवीस रुपये भरून मोकळं होता आलं असतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी काकोडकर निर्दोष सुटले.

तो निकाल वाचण्यासारखा आहे. न्यायमूर्तींनी कथा तुकड्यांत न पाहता अखंड पाहिली. साहित्य म्हणून ती फार उच्च दर्जाची नसेल, काही प्रसंग अभिरुचीला धरून नसतील, हेही बजावलं. लेखकाला निर्दोष ठरवतानाच त्याच्या लेखनाला कमी गुण देणारं न्यायालय दुर्मीळच. मराठी घरात शिक्षक आणि विद्यार्थिनीचं प्रेम आक्षेपार्ह मानलं जात असेल, पण तेवढ्यानं ते अश्लील होत नाही, असाही मुद्दा निकालात आहे. आणि कामभावनेचा नुसता उल्लेख अश्लील धरायचा तर फक्त धार्मिक पुस्तकंच विकता येतील, या अर्थाचं एक वाक्यही. त्याच १९६९ साली काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वर बेतलेला ‘दो रास्ते’ झळकला आणि राजेश खन्नासाठी थिएटरं भरली. कागदावरची कथा कोर्टाच्या फेऱ्यात, पडद्यावरची सहकुटुंब.

काकोडकर वर्तमानपत्राचं वेष्टण घालून वाचले जात, अशा आठवणी अनेक मराठी घरांत निघतात. त्याच कपाटात सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे आणि कोल्हापूरचे बाबा कदम असत. वाचनालयात यांच्या पुस्तकांचे कोपरे दुमडलेले आणि मागच्या पानावर तारखांचे शिक्के दाटीवाटीनं. समीक्षकांनी मात्र यांच्यावर दोन ओळीही खर्च केल्या नाहीत. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’ला पुन्हा भाव आला तो २०१३च्या सिनेमानंतर, लेखक जाऊन दहा वर्षं झाल्यावर.

या वाचकांना नेमकं काय मिळत होतं, याचा चांगला शोध अमेरिकेत जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेनं घेतला. १९८४ सालच्या ‘रीडिंग द रोमान्स’ या पुस्तकासाठी ती एका गावातल्या बायकांशी बोलली. त्या कथानकाबद्दल बोलल्याच, पण त्याआधी बोलल्या त्या वाचण्याच्या कृतीबद्दल. हातात पुस्तक धरलं की घरातल्यांना कळतं, आता ही आपल्याला उपलब्ध नाही. दिवसभर सगळ्यांचं करणाऱ्या बाईचा तो स्वतःचा तास. आपल्याकडच्या दुपारच्या वाचनाला हे जसंच्या तसं लागू पडतं. जेवणं आटोपून, झाकपाक करून, पंख्याखाली आडवं होऊन वाचलेली पन्नास पानं.

ऐकण्यानं हे गणित उलटं केलं. हातात पुस्तक असेल तर सगळ्यांना दिसतं, कानातलं कुणाला दिसत नाही. कणकेत हात बुडालेले असताना, कांदा चिरताना, बसच्या दांडीला लोंबकळताना नायक नायिकेचा हात धरू शकतो, आणि शेजारच्याला वाटतं भजन चाललंय. मिनिटाला सव्वाशे शब्द धरले तर पन्नास हजार शब्दांची कादंबरी ४०० मिनिटांत, म्हणजे पावणेसात तासांच्या आत संपते. बेंगळुरूच्या वाहतुकीत कामाचे चार-पाच दिवस पुरे. पण एक खरं: पुस्तकानं मिळणारा ‘मी उपलब्ध नाही’ हा फलक ऐकण्यात नाही. कान बुक असले तरी हात मोकळे दिसतात आणि काम सांगितलं जातं.

आता जवळून पाहू. छापील कादंबरीत एक ओळ आहे असं समजा: ‘येते मी,’ ती म्हणाली.

रागावून? लाजून? त्यानं थांबवावं म्हणून? कायमची जाते आहे म्हणून? कागदावर लेखकानं सांगितलं नसेल तर वाचक स्वतः ठरवतो, आणि दोन पानांनंतर चूक वाटली तर मागे जाऊन पुन्हा ठरवतो. निवेदिकेला ही मुभा नाही. माईकसमोर तिला एकच ‘येते’ म्हणता येतं. ‘ये’ जरा लांबवला की तिला जायचं नाही, हे ऐकणाऱ्याला आधीच कळलं. तोडून म्हटला की भांडण. म्हणून चांगला निवेदक रेकॉर्डिंगला बसण्याआधी सगळी कादंबरी वाचून काढतो आणि या ‘येते’चं पुढे काय होणार आहे ते पाहून ठेवतो. फार आधी सगळं उघड करायचं नाही आणि पुढे गेल्यावर श्रोत्याला फसवल्यासारखंही वाटू द्यायचं नाही, ही कसरत. शिवाय ‘ती म्हणाली’, ‘तो म्हणाला’ या डोळ्यांना न टोचणाऱ्या शेपट्या कानाला फार टोचतात. आवाजावरूनच कळलेलं असतं कोण बोललं ते. तासाभराच्या तयार ध्वनिमुद्रणामागे स्टुडिओत दोन-तीन तास जातात ते अशा ठिकाणी.

प्रेमकथेत हे जास्त का जाणवतं? कारण शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. खुनी कोण, हे रहस्य इथे नाही. आपल्या काव्यशास्त्रानं हे केव्हाच सांगून ठेवलंय: शृंगाराचे दोन भाग, संभोग आणि विप्रलंभ, आणि कवीची खरी परीक्षा विप्रलंभात. त्याचेही चार प्रकार: पूर्वराग, मान, प्रवास, करुण. भेटण्याआधीची ओढ, रुसवा, दूर जाणं, आणि गमावल्याचं दुःख. कुठलीही प्रेमकादंबरी उघडा, मिल्स अँड बून घ्या की प्रतिलिपीवरची मालिका, तीन-चतुर्थांश पानं या चारांत गेलेली दिसतील. लग्न शेवटच्या प्रकरणात उरकलं जातं. म्हणजे या प्रकाराचा सगळा जीव लांबवण्यात आहे, आणि लांबवण्याचा लगाम कुणाच्या हातात, हाच वाचणं आणि ऐकणं यातला फरक.

पुस्तकात तो वाचकाच्या हातात असतो. शेवटचं पान आधी वाचणारे लोक जगात आहेत आणि ते सुखी असतात. नायिकेच्या साडीचं वर्णन आलं की पान उलटणारेही आहेत. ऐकताना हे जमत नाही. निवेदक थांबला की आपण थांबायचं. म्हणूनच प्रेमकथा दीडपट वेगानं ऐकणं मला वेडेपणाचं वाटतं. त्यात नेमका तो थांबाच कापला जातो. उलट बाजूही आहे. शृंगाराचा प्रसंग डोळ्यांनी आपण हव्या त्या अंतरावरून वाचतो. तोच कानात कुणी परका आवाज हळू स्वरात सांगू लागला की भर बसमध्ये कान तापतात. आणि निवेदिकेनं तो जास्तच रंगवला तर हसू फुटतं.

‘ऐकणं म्हणजे वाचन नव्हे’ हा आक्षेप विज्ञानानं बराचसा निकालात काढलाय. बर्कलीच्या संशोधकांनी २०१९ साली नऊ जणांना त्याच गोष्टी एकदा ऐकवल्या, एकदा वाचायला दिल्या आणि मेंदूचं चित्रण केलं. शब्दांचे अर्थ मेंदूत जिथे उमटतात ते नकाशे दोन्ही वेळा जवळजवळ सारखे निघाले. त्याआधी २०१६ मध्ये ९१ जणांवर झालेल्या एका प्रयोगात वाचणारे, ऐकणारे आणि दोन्ही एकदम करणारे यांच्या आकलनात लक्षणीय फरक दिसला नाही, लगेच तपासलं तेव्हाही आणि दोन आठवड्यांनी तपासलं तेव्हाही. हे अभ्यास आकलनाचे आहेत, आनंदाचे नव्हेत, एवढं लक्षात ठेवलेलं बरं. फरक उरतो तो मागे जाण्यात. वाचताना आपल्या डोळ्यांच्या दहा-पंधरा टक्के हालचाली नकळत मागे, आधीच्या शब्दाकडे जातात. कानाला ही सोय नाही. पंधरा सेकंद मागे नेणारं बटण आहे, पण ते मुद्दाम दाबावं लागतं, आणि कणकेचे हात लावून कोण दाबणार?

बेंगळुरूत या सगळ्याला आणखी एक पदर आहे. शहाजीराजांच्या हाती हे शहर आलं १६३८ साली. तेव्हापासून मराठी बोलणारी घरं इथे आहेत: मराठे, भावसार, शिंपी. रजनीकांत म्हणजे शिवाजीराव गायकवाड अशाच बेंगळुरूच्या मराठी घरातले. या घरांत मराठी बोलली जाते, पण मुलं शिकली कन्नड आणि इंग्रजीत. देवनागरी येते ती शाळेतल्या हिंदीमुळे. ती मराठी पुस्तक उघडतात तेव्हा अक्षरं ओळखीची आणि वाक्यं परकी असतात. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च वेगळे, हे लिपी सांगत नाही, घरात ऐकलेल्यालाच कळतं. अशा माणसाला फडके वाचायला दिले तर तो तिसऱ्या पानावर ठेवून देईल. ऐकवले तर बसेल, कारण कानाला सगळं येतं. प्रमाण मराठी त्याला जरा पुस्तकी वाटेल, आजीच्या बोलण्यातले कन्नड शब्द त्यात सापडणार नाहीत, पण गोष्ट पोचेल. आयटीतल्या नोकरीसाठी पुण्याहून आलेल्या मराठी माणसासाठी ऐकणं ही सोय आहे. इथल्या जुन्या घरांसाठी मराठी कादंबरीत शिरायचं ते पहिलंच दार ठरू शकतं.

मग काय वाचावं आणि काय ऐकावं? माझं मत असं: खांडेकरांची ‘अमृतवेल’ हातात घेऊन वाचावी, पेन्सिल जवळ ठेवून, कारण तिच्या वाक्यांवर थांबावंसं वाटतं. गौरी देशपांडेंनाही डोळेच हवेत. त्यांच्या वाक्यातला उपरोध आवाजात सहज सांडतो. व. पु. काळ्यांचा ‘पार्टनर’ ऐकावा, माणूस मुळात कथाकथनाचाच. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’सुद्धा, कारण तिथे मुलगा स्वतःच बोलतो आहे. बाबा कदम आणि काकोडकर प्रवासात ऐकायला उत्तम. रोज पंधरा मिनिटांचा भाग देऊन नेमक्या क्षणी तोडणाऱ्या आणि पुढच्या भागासाठी नाणी मागणाऱ्या मालिकांपासून मात्र जरा सावध. हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्येही कादंबऱ्या क्रमशःच येत, पण त्यांना कुठे थांबायचं ते माहीत होतं.

अडचण आहे ती जुन्या पुस्तकांची. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. खांडेकर गेले १९७६ साली, म्हणजे त्यांची पुस्तकं मोकळी होतील १ जानेवारी २०३७ रोजी. फडके १९७८ साली गेले, ती २०३९ मध्ये. तोवर प्रकाशक आणि वारस यांनीच मनावर घ्यायचं. पण ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, गुंजीकरांची ‘मोचनगड’ आणि हरिभाऊ आपटे आजच मोकळे आहेत. लिब्रीवॉक्स हा उपक्रम २००५ पासून जगभरच्या स्वयंसेवकांकडून अशी हक्कमुक्त पुस्तकं वाचून घेतो आणि फुकट ऐकायला ठेवतो, कुठल्याही भाषेत. लागतो फक्त बरा माईक, शांत खोली आणि पुस्तक आधी एकदा वाचून काढायची तयारी. बेंगळुरूत स्पष्ट मराठी वाचणाऱ्यांची वाण नाही. ‘मंजुघोषा’चं एक प्रकरण घ्या, मोठ्यानं वाचा, रेकॉर्ड करा. आवडलं तर दुसरं करा.